निर्वासितांच्या कोट्याचे आमिष

गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा तालुक्यातील एका बंगाली वसाहतीतून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांचे वडील १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निघाले, रायपूरजवळच्या माना कॅम्पात काही काळ राहिले आणि पुढे सरकारने दिलेल्या जमिनीवर येथे धान पिकवू लागले. पत्रलेखकांचा जन्म १९७९ मध्ये याच वसाहतीत झाला, त्यांच्या पत्नीचा १९८४ मध्ये चामोर्शी तालुक्यात. थोरला मुलगा दहावीत आहे, डाव्या पायाने फुटबॉल खेळतो, आणि कापणीनंतर मोकळ्या झालेल्या बांध्यांत ज्या स्पर्धा भरतात, त्यांत त्याला आसपासच्या गावांचे संघ मागून नेतात. नागपूरच्या एका गृहस्थाने त्याचा खेळ पाहून सांगितले की युरोपातील क्लबांत निर्वासितांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, त्यांतून पोर्तुगालला चाचणी लावून देतो, एकूण अडीच लाख लागतील आणि फेब्रुवारीत निघावे लागेल. वीस हजार रुपये देऊन झाले आहेत. मुलाने मोबाइलवर कॅनडाचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याची हकिगत पाहिली आहे आणि तो म्हणतो, ‘तो निर्वासित, मीही निर्वासित.’ उरलेले पैसे द्यावेत का, आणि द्यायचे नसतील तर मुलाला कोणता रस्ता दाखवावा, असे वडील विचारतात. जाता जाता त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या आहेत : शाळेत मुलाची जन्मतारीख १ जून लागली आहे, प्रत्यक्षात तो ऑक्टोबरातला आहे, आणि सातवीतली धाकटी मुलगीही चांगली खेळते, पण ‘आता मोठी झाली’ म्हणून तिचे खेळणे बंद करावे, असे घरात चालले आहे.

नमस्कार.

पैशांचे उत्तर आधी देते, कारण तेवढ्यासाठी तुम्हाला पुढचे वाचेपर्यंतही थांबायला नको. उरलेला एक रुपयाही देऊ नका. दिलेले वीस हजार लेखी मागा, त्या गृहस्थाचे संदेश पुसू नका, आणि ते टाळाटाळ करू लागले तर तुमच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या; पैसे फोनवरून पाठवले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावरही लगेच कळवा. खोटे सांगून पैसे काढणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे. आपण बाजारात बैलाचे दात पाहिल्याशिवाय इसार देत नाही, आणि येथे तर बैल कोणत्या दावणीला आहे हेसुद्धा कोणी दाखवलेले नाही : क्लबचे नाव नाही, क्लबचे पत्र नाही, पैशांची पावती नाही.

युरोपातील क्लबांत निर्वासितांसाठी राखीव जागा असतात, हे साफ खोटे आहे. उलट नियम असा आहे की अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडूची नोंदणी एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे करता येत नाही. ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल संस्थेच्या खेळाडू-बदलीविषयक नियमावलीतील कलम १९ हे मुलांच्या संरक्षणासाठीच आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. आई-वडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर मुलाची नोंदणी होऊ शकते, तसेच जीव वाचवण्यासाठी आई-वडिलांशिवाय देश सोडावा लागलेल्या आणि नव्या देशात राहण्याची परवानगी मिळालेल्या मुलाचीही होऊ शकते. तुमच्या गृहस्थाने या दुसऱ्या अपवादाचाच ‘कोटा’ केला असावा. तुमचा मुलगा त्यात बसत नाही, कारण तो कोणाच्या भीतीने देश सोडून निघालेला नाही. ज्या डेव्हिसचे उदाहरण तो देतो, त्यालाही हा नियम सुटला नाही. जर्मनीच्या बायर्न म्युनिकने त्याला २०१८ च्या जुलैमध्ये करारबद्ध केल्याचे जाहीर केले, पण तो नोव्हेंबरात अठरा वर्षांचा झाल्यावर, २०१९ च्या जानेवारीत तेथे रुजू झाला. युरोपातला एवढा मोठा क्लब ज्या नियमापुढे थांबला, तो नियम नागपूरचा मध्यस्थ अडीच लाखांत ओलांडून देणार असेल, तर त्याने तो कसा ओलांडणार हे कागदावर लिहून द्यावे.

‘नोंदणी नाही, फक्त चाचणी आहे’ असेही तो म्हणेल. मग पर्यटक व्हिसावर गेलेला, पोर्तुगीज भाषेचा गंध नसलेला पंधरा वर्षांचा मुलगा चाचणीत निवडला गेला तरी पुढे काय करणार, हे त्याला विचारा. २०२३ च्या जूनमध्ये उत्तर पोर्तुगालमधील एका फुटबॉल अकादमीवर तेथील यंत्रणेने छापा घातला, तेव्हा दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशियातून पैसे भरून आणलेली कितीतरी मुले तेथे सापडली. त्यांत अल्पवयीन मुलेही होती, आणि त्यांची कागदपत्रे काढून घेतल्याचा आरोप संचालकांवर झाला. याहून वाईट शक्यता अशी की हा गृहस्थ मुलाला तेथे पोहोचल्यावर ‘मी निर्वासित आहे’ असा अर्ज करायला लावील. तसा अर्ज करणे म्हणजे स्वतःच्या देशात माझा छळ होतो असे शपथेवर सांगणे. ते खोटे ठरले की परत पाठवणी होते, आणि ज्या वयात व्हिसा खरोखर लागेल त्या वयात तीच नोंद आडवी येते. परवानाधारक एजंट कोण, याची यादी ‘फिफा’च्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. खरा एजंट खेळाडूच्या करारातून दलाली घेतो; बापाच्या धानाच्या चुकाऱ्यावर त्याचा डोळा नसतो.

आता ‘तोही निर्वासित, मीही निर्वासित’ या वाक्याकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. तुमच्या वडिलांनी जे सोसले ते त्यांचे आणि तुमच्या घराचे आहे, ते कोणी पुसू शकत नाही. साठ वर्षांनंतरही तुमच्या गावाला लोक ‘कॅम्प’ म्हणतात आणि जातीच्या दाखल्यासाठी तुमच्या समाजाला अजून अर्जविनंत्या कराव्या लागतात, हेही खरे आहे. परंतु कायद्याच्या भाषेत तुम्ही निर्वासित नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक असते, मग तिचे आई-वडील कोठून का आलेले असेनात. तुम्ही १९७९ चे, तुमच्या पत्नी १९८४ च्या. तुम्ही दोघेही नागरिक, म्हणून मुलगाही जन्माने नागरिक. त्याला पासपोर्ट मिळतो, राज्याच्या संघातून खेळता येते, देशाच्या संघातूनही खेळता येते. डेव्हिसला हे सारे सोळाव्या वर्षापर्यंत नव्हते. त्याला कॅनडाचे नागरिकत्व २०१७ च्या जूनमध्ये मिळाले आणि त्याच महिन्यात तो कॅनडाच्या संघातून पहिला सामना खेळला. अंगोलातील निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या एदुआर्दो कामाविंगालाही फ्रान्सचे नागरिकत्व २०१९ च्या नोव्हेंबरात मिळाले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तो फ्रान्सच्या मुख्य संघातून उतरू शकला. या मुलांना ज्या कागदाची वाट पाहावी लागली, तो तुमच्या घरात आधीपासून आहे, आणि तुमचा गृहस्थ तोच बाजूला ठेवून मुलाला पुन्हा निर्वासित करायला निघाला आहे.

डेव्हिसची हकिगत मोबाइलवर दोन मिनिटांत संपते : छावणी, मग एकदम स्टेडियम. मधली वर्षे त्यात नसतात, आणि वडील म्हणून तुमच्या उपयोगाची तीच आहेत. त्याचे आई-वडील लायबेरियातील यादवीतून पळाले. तो २००० मध्ये घानातील बुडुबुराम छावणीत जन्मला आणि पाच वर्षांचा असताना कुटुंब रीतसर पुनर्वसन योजनेतून कॅनडात गेले. एडमंटन शहरात आई-वडील पाळ्यांमध्ये कामाला जात आणि तो घरी धाकट्या भावंडांना सांभाळी. क्लबची वर्गणी, बूट आणि मैदानापर्यंतचे येणेजाणे यांपैकी काहीही परवडणारे नव्हते. शाळा सुटल्यावर गरीब वस्तीतील मुलांना फुकट खेळवणारा ‘फ्री फुटी’ नावाचा एक उपक्रम तेथे होता, त्यात तो खेळू लागला. त्याच्या शाळेतील शिक्षिकेने त्याच्यातले वेगळेपण हेरले आणि तो एका स्थानिक क्लबच्या प्रशिक्षकाकडे पोहोचला. चौदाव्या वर्षी तो व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सच्या निवासी अकादमीत गेला, पंधराव्या वर्षी, २०१६ मध्ये, त्याच क्लबच्या मुख्य संघात आला. २०२० मध्ये बायर्नसोबत त्याने चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली आणि २०२२ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध कॅनडाच्या पुरुष संघाचा विश्वचषकातील पहिला गोल त्याच्या नावावर लागला. या सगळ्यात त्याच्या घरच्यांनी कोणाला अडीच लाख दिल्याचे दिसत नाही. शाळा, शाळेशेजारचे मैदान, मुलाला घेऊन जाणारे एक मोठे माणूस आणि योग्य वयात आलेले बोलावणे, हा त्याचा रस्ता होता. क्रोएशियाचा फुटबॉलपटू लुका मोद्रिच याचेही वेगळे नाही. युद्धात घर सुटले, झादार शहरातील हॉटेलांत निर्वासित म्हणून राहावे लागले, हॉटेलच्या वाहनतळावर तो चेंडू खेळला. पण त्याला घडवले ते त्याच शहरातील क्लबने. हायदुक स्प्लिट या मोठ्या क्लबने लहानखुरा म्हणून नाकारल्यावर तो काही वर्षे तेथेच वाढला, मग झाग्रेबला गेला.

तुमच्या मुलाची मधली वर्षे आता सुरू आहेत, आणि त्यांतले पहिले काम मैदानावरचे नाही. ते १ जूनचे आहे. आपल्याकडे मुलाला पहिलीत घालताना गुरुजींनी विचारले, वडिलांनी ‘पावसाळ्याच्या आधीचा असेल’ म्हटले आणि रजिस्टरात १ जून लागले, असे निम्म्या गावाचे झाले आहे. एरवी त्याने कोणाचे बिघडत नाही. फुटबॉलमध्ये बिघडते. वयोगटाच्या स्पर्धांत वय चोरण्याचे प्रकार इतके झाले की अखिल भारतीय फुटबॉल महासंघ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासू लागला, आणि ज्याच्या दोन कागदांवर दोन तारखा आहेत त्याच्याकडे निवड समिती आधीच संशयाने पाहते. मुलाचा जन्म ग्रामीण रुग्णालयात झाला असेल तर ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयाच्या नोंदीत ऑक्टोबरची तारीख असेल. तो दाखला काढा, मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने शाळेच्या रजिस्टरातील तारीख दुरुस्त करून घ्या. हे मूल शाळेत असेपर्यंतच सुकर असते, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ही दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून दहावीची परीक्षा होण्याआधीच हे उरका. आधार आणि बँकेचे पासबुक त्याच तारखेला जुळवून मग पासपोर्टचा अर्ज करा. अठरा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टचे सरकारी शुल्क १,००० रुपये आहे. गृहस्थाच्या अडीच लाखांत ‘पासपोर्ट प्रोसेसिंग’चे किती धरले होते, ते मला कळवाल तर वाचायला आवडेल.

मैदानावरचे काम त्याच्याच शाळेतून सुरू होते. सुब्रतो चषक ही शालेय फुटबॉलची देशातील जुनी स्पर्धा १९६० पासून चालू आहे. तीत सतरा वर्षांखालील मुलांचा गट आहे, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत विजेता संघ देशपातळीवर जातो, आणि आपल्याकडे तिचे काम जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालते. तुमच्या मुलाचे कौतुक आसपासची गावे करतात, पण त्याच्या शाळेने संघ उतरवला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा उतरवला नसावा. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक नाहीत, असले तरी त्यांच्याकडे पोषण आहार आणि निवडणुकीची कामे आहेत, प्रवासाला पैसे नाहीत, ही अडचण मी जाणते. तरीही शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यासारखे चार पालक बसतात. प्रवेशिका वेळेत भरणे आणि गडचिरोलीपर्यंतच्या एसटीचे भाडे वर्गणीतून उभे करणे, एवढे वसाहत करू शकते. काली पूजेला त्याहून जास्त वर्गणी निघते. कापणीनंतरच्या स्पर्धांत बक्षिसाच्या रकमेसाठी मुलाला भाड्याने खेळवणे मात्र कमी करा. बांधीच्या धसकटांत, धुऱ्यांच्या मधे, सात-सात जणांच्या सामन्यात त्याचा डावा पाय चमकतो, पण पूर्ण मैदानावर, अकरा जणांत, नव्वद मिनिटे, ऑफसाइड सांभाळून आणि चेंडू गेल्यावर मागे धावून खेळायची सवय त्याने लागत नाही, आणि गुडघा गेला तर बक्षीस देणारे गाव दवाखान्याचा खर्च देत नाही.

दहावी झाल्यावर नागपूर आहे. तेथील जिल्हा फुटबॉल संघटनेच्या साखळी स्पर्धा नियमित होतात, आणि कामठीचा फुटबॉल तर आपल्या विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. अकरावीला तेथील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेऊन, शासनाच्या वसतिगृहासाठी अर्ज करून, तो संघटनेशी संलग्न असलेल्या क्लबकडे नोंदला गेला तर त्याचे नाव महासंघाच्या संगणकीय नोंदणीत येईल. या नोंदणीला लोक क्षुल्लक समजतात. प्रत्यक्षात खेळाडू पुढे परदेशी क्लबकडे शुल्क घेऊन गेला तर त्या शुल्कातील ५ टक्के रक्कम त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते, आणि ज्या क्लबने मुलाची नोंदच केली नाही त्याला काहीही मिळत नाही. तुमच्या वसाहतीतील मंडळाने स्वतःची रीतसर नोंदणी करून जिल्हा संघटनेशी संलग्न व्हावे असे मी म्हणते ते यासाठीही. निवासी आणि विनाशुल्क असे दुसरे ठिकाण म्हणजे जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी. १९८७ पासून तेथे निवड चाचणीतून मुले घेतात. वयाची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, कारण तेथे चार महिन्यांचा फरकही आत किंवा बाहेर ठरवतो, आणि तुमच्या १ जूनने नेमके तेच चार महिने खाल्ले आहेत. कोलकात्याला नातेवाईक असतील तर दहावीच्या सुट्टीत त्याला एकदा घेऊन जा. १९२० मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल क्लब फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांचा कसा झाला, हे त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलेच असेल. मात्र नातेवाइकांच्या ओळखीवर त्याला तेथे कायमचा ठेवून येऊ नका; आधी चाचणी, मग लेखी प्रवेश, मग मुक्काम.

अभ्यासाचे मी वेगळे लिहिणार नव्हते, पण फेब्रुवारीत निघण्याची भाषा चालली आहे म्हणून लिहिते. दहावीची परीक्षा सोडून कोठेही जायचे नाही. यात उपदेशाचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोचलेल्यांचेही पोट नेहमी त्यावर भरते असे नाही. देशातील सर्वोच्च असलेली इंडियन सुपर लीग २०२५ च्या जुलैमध्ये आयोजनाच्या कराराच्या वादात थांबवण्यात आली, तेव्हा काही क्लबांनी मुख्य संघाचे पगारच रोखून धरले. देशाच्या संघात खेळलेले लोक घरी बसून होते. याउलट राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर ठरावीक यश मिळवलेल्या आणि त्या पदाला लागणारे शिक्षण झालेल्या मुलाला महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत आणि पोलिसांत खेळाडूंची भरती होते, आणि गोंडवाना विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येते. नागपूरचे अनेक चांगले खेळाडू रेल्वेच्या पगारावर आयुष्यभर फुटबॉल खेळले आहेत, आणि तेही व्यावसायिकच म्हणायचे. मुलाला हे ऐकायला आवडणार नाही. त्याला आता पटवत बसू नका. प्रवेशिका, तारीख आणि परीक्षा ही तीन कामे मात्र त्याच्याकडून करून घ्या.

आणि तुमची मुलगी. तिच्यासाठी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तरी मला तिच्याविषयी अधिक सांगायचे आहे, कारण मुलाला फार तर थोडा उशीर झाला आहे आणि तिचे वय अगदी नेमके आहे. नादिया नदीम ही फुटबॉलपटू अफगाणिस्तानातील हेरातची. तालिबानने २००० मध्ये तिच्या वडिलांना मारले, आई मुलींना घेऊन पाकिस्तानमार्गे निघाली आणि लंडनला जायचे म्हणून निघालेले ते कुटुंब डेन्मार्कमध्ये उतरले. छावणीच्या शेजारच्या मैदानावर मुली फुटबॉल खेळताना तिला दिसल्या. मुलींचा खरा संघ म्हणजे काय हे तिला तेथे कळले, तेव्हा ती बारा वर्षांच्या आसपासची होती, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाची. पुढे ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघातून, मँचेस्टर सिटी आणि पॅरिस सेंट-जर्मेनकडून खेळली, आणि खेळता खेळता वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून २०२२ मध्ये डॉक्टर झाली. ज्या वयात तिला मैदान सापडले त्याच वयात तुमच्या घरात ते काढून घ्यायचे चालले आहे. सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे, शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील मुलींचाही आहे, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मुलींचे संघ इतके थोडे उतरतात की बरा संघ केला तर विभागापर्यंतची वाट मुलांपेक्षा मोकळी असते. नोकरीतील ५ टक्क्यांचे आरक्षण मुलींनाही तितकेच लागू आहे.

घरातील कोणाची नेमकी हरकत आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. हाफ पँटची असेल तर ट्रॅकपँट घालून सराव करता येतो. संध्याकाळी एकटी परतण्याची असेल तर सराव शाळा सुटल्याबरोबर, शाळेच्याच मैदानावर ठेवायला मुख्याध्यापकांना सांगा, आणि वसाहतीतील आणखी दहा-बारा मुली जमवा, म्हणजे संघही होईल आणि सोबतही. थोरल्याला आठवड्यातून दोन दिवस त्यांना शिकवायला लावा. त्याला आपला खेळ शब्दांत सांगावा लागेल, जे त्याने अजून कधी केलेले नसावे. जन्मतारखेचा अर्ज करायला शाळेत जाल, तेव्हा रजिस्टरात मुलीचीही तारीख काय लागली आहे ते पाहून घ्या. तिचीही १ जून निघाली तर दोन्ही अर्ज एकाच वेळी द्या.